कर्मचारी एसी सुरू असताना खिडक्या उघडतात. त्यांना कसे रोखावे आणि एसी किती अंशांवर ठेवावा?

रोखण्याचा उपाय आपण विचारलात, पण ते खिडकी का उघडतात, याची चौकशी केल्याचे प्रश्नात दिसत नाही. सिव्हिल लाइन्समधील ज्या कार्यालयात मी नोकरी केली, तेथील प्रशासन अधिकाऱ्यांनीही ती केली नाही आणि दिवाळीनंतर सगळ्या खिडक्या स्क्रूने कायमच्या बंद करून टाकल्या. त्या दिवसांत नागपुरात सकाळी बाहेर छान गारवा असतो. आत मात्र यंत्रणा २२ अंशांवर लावलेली असे. तिचा सेन्सर झेरॉक्स यंत्राच्या मागच्या भिंतीवर होता. यंत्राच्या उष्णतेमुळे त्याला दालन कायम तापलेलेच वाटे, म्हणून थंड हवा थांबत नसे आणि नेमक्या त्या झोताखाली बसणाऱ्या लेखा विभागातील ताई शाल पांघरून हिशेब करीत. त्या खिडकी उघडत ती थंडी घालवण्यासाठी, कारण तापमान बदलण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्यांच्या हाती नव्हता. मी हे लेखी कळवले, तर ‘वीज वाया जाते’ एवढेच उत्तर आले. वीज वाया घालवत होता तो सेन्सर, आणि तो हलवायला एक इलेक्ट्रिशियन पुरेसा होता. पुढे मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, तेव्हा पेचकस शोधत फिरणाऱ्यांत साहेबही होते.

आता अंशांविषयी. २०२० पासून नव्या एसीत सुरुवातीला २४ अंश दिसतात, ती केवळ मूळ मांडणी आहे. भारतीय कार्यालयांच्या पाहणीवर आधारलेले एक अनुकूली सूत्र आहे, म्हणजे बाहेरच्या हवामानानुसार आत सुखद वाटणारे तापमान काढणारे. त्यानुसार, खिडक्या आणि एसी दोन्ही असलेल्या इमारतीत बाहेरच्या अलीकडच्या सरासरी तापमानाला ०.२८ ने गुणून १७.८७ मिळवावे. मे महिन्यातील दिवसरात्रीची सरासरी ३५ धरली, तर उत्तर सुमारे २७.७ येते. छताचे पंखे सुरू असतील, तर २७ अंशांवर काम निभते. २२ चा आग्रह बहुधा कोट घालून बसणाऱ्यांचाच असतो.

अर्थात, बाहेर ४५ अंश असताना खिडकी बंदच हवी, आणि जुलै-ऑगस्टच्या दमटपणात हा आकडा थोडा खाली आणावा लागेल. एकाच दालनात कूलर आणि एसी मात्र एकत्र चालवू नयेत, कारण कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद, शिवाय कूलरची ओल काढण्यातच एसीची बरीच शक्ती खर्ची पडते.