सॅम्पल स्नीकर असली आहे हे विकण्याआधी कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतला एक विक्रेता नायकेच्या एअर जॉर्डन स्नीकरचा, बाजारात कधीच न आलेला सॅम्पल जोड (म्हणजे कंपनीने विक्रीआधी बनवलेला नमुना) देतोय. साइज 9, खोका नाही. पुढे विकायच्या आधी तो असली असल्याची खात्री कुठे करून मिळेल?

नुसता बूट बघून तशी खात्री कुणालाच देता येत नाही. फोटो मागवून पाच मिनिटांत ‘लेजिट’ (असली) म्हणणाऱ्यावर तर अजिबात विसंबू नका.

मी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बीव्हर्टनजवळ राहतो. नायकेचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे गराज सेलमध्ये किंवा जुन्या सामानाच्या दुकानात सॅम्पल जोड अधूनमधून दिसतात. मी ते आवडीने घेतो, क्वचित विकतो.

लेजिट चेक, म्हणजे असली-नकलीची तपासणी, ही शेवटी तुलना असते. दुकानातल्या जोडाच्या आत साइजचं लेबल असतं. त्यावर उत्पादनाच्या तारखा आणि आधी सहा आकडे किंवा अक्षरं, मग तीन आकडे असा स्टाइल नंबर असतो. तोच नंबर खोक्यावरही असतो. तपासणारा हे सगळं आणि शिलाई, चामडं, गोंदाचा वास खात्रीच्या जोडाशी ताडून बघतो. एवढं करूनही चुका होतात. नायके विरुद्ध स्टॉकएक्स (स्नीकर तपासून विकणारी ऑनलाइन बाजारपेठ) खटल्यात 2025 साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने 37 बनावट जोडांच्या विक्रीबद्दल स्टॉकएक्सला जबाबदार धरलं. ते तर तपासून विकलेले जोड होते. सॅम्पलच्या बाबतीत ताडून बघायला दुसरा जोडच नसतो.

त्यात सॅम्पलचे गुण आणि नकलेचे दोष एकसारखेच दिसतात. लेबलवर बारकोड नसणं, आत पेनाने लिहिलेला नंबर, वेगळंच चामडं, थोडी वाकडी शिलाई, हे सगळं खऱ्या सॅम्पलमध्ये असू शकतं. नक्कल करणाऱ्यालाही हे ठाऊक आहे. चूक सापडली की ‘अहो, सॅम्पल आहे ना!’ म्हणून तो मोकळा. नायकेचे पुरुषांचे सॅम्पल बहुधा साइज 9 मध्येच बनतात, म्हणून तुमच्या जोडाची साइज जुळते खरी. पण ही माहिती जगजाहीर आहे, तिच्यावर पैसे लावू नका. वय मात्र थोडं बोलतं. 1989 चा जॉर्डन 4 म्हणून कुणी दाखवला आणि त्याचा मिडसोल (तळव्याचा मधला थर) अजून लवचिक असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय. त्या थरातलं त्या काळातलं पॉलियुरेथेन (एक प्रकारचा फोम) आतापर्यंत भुगा व्हायला लागलेलं असतं.

आता खरी मेख. 2014 साली इथल्याच, पोर्टलंडच्या फेडरल कोर्टात एक प्रकरण आलं. नायकेच्या प्रमोशन विभागातल्या एका व्यवस्थापकाने चीनमधल्या कारखान्याकडून ‘लुक-सी’ (नुसते बघायला मागवलेले) सॅम्पल बनवून घेतले आणि ते बाहेर विकले. बूट शंभर टक्के असली, कंपनीच्याच कारखान्यातले, पण माल चोरीचा. कितीही बारकाईने शिलाई बघितली तरी हे कळलं नसतं. म्हणून तुमच्या जोडाचं मूळ-कूळ आधी विचारा. कंपनीतून तो बाहेर कुणी आणला, कधी, त्याच्याकडून या विक्रेत्याकडे कसा आला? जुने ईमेल, पावती, त्या काळातला फोटो, काहीतरी हवंच. रॅपर कान्ये वेस्टचे नायके एअर यीझी बुटांचे प्रोटोटाइप 2021 मध्ये सदबीज या लिलाव कंपनीमार्फत 18 लाख डॉलरला गेले, ते 2008 च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांच्या मंचावर त्याच्या पायात सगळ्या जगाने बघितले होते म्हणून. तोच बूट निनावी असता तर एवढी किंमत कुणी मोजली असती?

विक्रेता ‘माझा एक मित्र आत आहे’ याच्या पुढे बोलत नसेल तर जोड सोडून द्या, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. नावगाव आणि कागद देत असेल तर घ्या, पण ते कागद आत्ताच नीट जपून ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला तेच द्यायचे आहेत. आणि तुम्ही विकाल तेव्हा जाहिरातीत ‘असली असल्याची गॅरंटी’ लिहू नका. कुणाकडून, कधी घेतला आणि कुठले कागद सोबत आहेत तेवढं लिहा, आणि लेबलचा, आतल्या हस्ताक्षराचा, सोलचा जवळून काढलेला फोटो टाका. सॅम्पल जमवणारा जाणकार याच गोष्टी आधी बघतो.