बारा महिन्यांचा घरखर्च मोजून १५ टक्के भागी घ्यावी का?

प्रश्न: मी ३६ वर्षांची आहे. छप्पर बसवणाऱ्या एका फर्ममध्ये ९ वर्षं काम करते. सुरुवात मोजमाप आणि अंदाजपत्रकापासून झाली. नंतर शिडी चढले, पत्रे बसवायला शिकले, आणि गेली ४ वर्षं साइट सांभाळते. मालकांनी १५ टक्के भागी देऊ केली आहे. तिची किंमत आमच्या घराच्या १२ महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. गेल्या वर्षीच्या हिशोबाने माझ्या वाट्याला वर्षाला २ महिन्यांच्या घरखर्चाइतका नफा आला असता. त्यांचं म्हणणं, 'तुम्ही ऑफिस बघा, साइट आणि बँक आम्ही बघू.' दुसरीकडे, हेल्पर म्हणून आलेल्या तीन बायकांना मी स्वतः काम शिकवलं आहे. त्या माझ्याबरोबर वेगळी टीम काढायला तयार आहेत, पुरुष मिस्त्र्यांपेक्षा कमी मजुरीवरही. म्हणजे आमचा दरही कमी ठेवता येईल, पण बायकांच्या टीमला काम मिळेल का? शिल्लक २२ महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे, त्यातले ४ निवृत्तीच्या खात्यात. अर्धा घरखर्च नवऱ्याच्या पगारातून भागतो, अर्धा माझ्या. काय करू?

उत्तर:

ताई, तुम्ही रकमा घरखर्चाच्या महिन्यांत मांडल्यात, त्यामुळे माझं काम सोपं झालं. मीही त्याच मापात बोलतो.

आधी कशाला हात लावायचा नाही ते ठरवू. निवृत्तीचे ४ महिने आहेत तिथेच राहतील. उरलेल्या १८ पैकी ६ महिन्यांची रक्कम बाजूला, लगेच काढता येईल अशा ठेवीत ठेवा. म्हणजे तुमच्या हातात मोकळे १२ राहतात. भागीची किंमतही नेमकी १२ आहे, आणि तिथेच मी थबकलो. एकाच व्यवहारात सगळी मोकळी रक्कम जाणार असेल, तर त्या बदल्यात हातात काय येतं हे फार बारकाईने बघायला हवं.

कागदावर हिशोब वाईट दिसत नाही. १२ द्यायचे, वर्षाला २ मिळवायचे, सहा वर्षांत मुद्दल वसूल. पण हा हिशोब एकाच वर्षाच्या नफ्यावर उभा आहे. छपराच्या धंद्यात वादळाचं वर्ष आलं की दुरुस्तीची कामं धो धो येतात आणि नफा फुगतो. पुढच्याच वर्षी घाईत केलेल्या कामांच्या गळतीच्या तक्रारी सुरू होतात. म्हणून किमान तीन वर्षांचे ताळेबंद मागा, आणि हमीवर दिलेल्या जुन्या कामांची यादीही. त्या तक्रारींची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आली नाही, तरी त्या निस्तरायचा खर्च ज्या गल्ल्यातून होईल त्यात तुमचे १२ महिने पडलेले असतील. शिवाय साध्या भागीदारीत बहुतेक देशांत भागीदाराची जबाबदारी त्याने घातलेल्या भांडवलापुरती मर्यादित नसते. तुमचा हिस्सा १५ टक्के असला तरी फर्मकडून पैसे येणं असलेला माणूस पूर्ण रकमेसाठी तुमच्या दाराशी येऊ शकतो.

आणि आता त्या एका वाक्याबद्दल: 'तुम्ही ऑफिस बघा, साइट आणि बँक आम्ही बघू.' ताई, माझ्या मते या प्रस्तावातली सर्वांत महाग गोष्ट हे वाक्य आहे. ९ वर्षांत तुम्ही जे कमावलंत ते छपरावर कमावलंत. भागीदार झाल्यावर तुम्हाला पुन्हा टेबलामागे बसवलं जाणार, आणि चेकवर सही दुसऱ्याची असणार. ज्या भागीदाराला बँकेत सही नाही, कोणतं काम घ्यायचं त्यावर मत नाही, नफा वाटायचा की धंद्यातच ठेवायचा हे ठरवता येत नाही, त्याने खरं तर विनातारण, विनाव्याज आणि विनामुदत कर्ज दिलेलं असतं. घरच्या धंद्यांत कित्येक बायकांची नावं अशीच कागदावर असतात. तुम्ही तर त्या नावासाठी पैसे मोजणार आहात. मालक वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी भागी देऊ केली, यातच तुमच्या कामाची कदर दिसते. पण कदर करारात उतरायला हवी: दोन सह्यांशिवाय ठरावीक रकमेवरचा चेक नाही, साइटचा निर्णय तुमचा, नफ्याचा किमान अमुक हिस्सा दरवर्षी वाटायचा, आणि बाहेर पडताना भागीची किंमत कोणत्या सूत्राने काढायची. शेवटचा मुद्दा नसेल, तर आत जायचा दर ठरलेला आणि बाहेर यायचा दर समोरच्याच्या मर्जीवर, अशी गत होते.

स्वतःच्या टीमकडे वळू. तुमच्या पत्रात उत्साह इथे आहे, आणि मला धोकाही इथेच जास्त दिसतो. पण तो तुम्हाला वाटतो तिथे नाही. बायकांची टीम म्हणून काम मिळेल का, याची तुम्हाला चिंता आहे. मला चिंता आहे ती काम मिळाल्यावर पैसा कुठे अडकेल याची.

समजा मालासकट काम १०० ला घेतलं. पत्रे, स्क्रू, फ्लॅशिंग (सांध्यांतून पाणी आत येऊ नये म्हणून लावायच्या पट्ट्या), पन्हळ यांत ६० गेले, मजुरीत २०, वाहतूक आणि भाड्यात ८. नफा १२. उचल मिळाली ३०. म्हणजे काम संपेपर्यंत तुमच्या खिशातून ५८ गेलेले असतात. बिल झाल्यावरही गिऱ्हाईक कित्येकदा १० टक्क्यांपर्यंत रक्कम रिटेन्शन म्हणून धरून ठेवतं, पावसाळा पार पडेपर्यंत किंवा वर्षभर. नफा १२ आणि अडकलेले १०! वर्षभर राबून कमावलेला जवळपास सगळा नफा गिऱ्हाइकांच्या खात्यात बसतो. एक काम तुमच्या ५ महिन्यांच्या घरखर्चाएवढं धरलं, तर प्रत्येक कामात जवळजवळ ३ महिने अडकतात. दोन कामं एकदम चालू असली की ६.

त्यात हत्यारं, शिड्या, दोऱ्या, हार्नेस (उंचीवर काम करताना अंगावर बांधायचे सुरक्षेचे पट्टे), माल वर चढवायचा छोटा होइस्ट यांचे ३ महिने मिळवा. विमा आणि प्रशिक्षणाचा १. तिघींच्या दोन महिन्यांच्या पगाराची तजवीज ३. पहिले सहा महिने तुमचा पगार येणार नाही, त्याचे ३. बेरीज १६ होते आणि तुमच्याकडे आहेत १२. उरलेल्या ४ साठी घर तारण ठेवायचा मोह होईल. तो मोह टाळा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

पण हेच काम लेबर रेटवर, म्हणजे फक्त मजुरीच्या दराने, घेतलं तर माल गिऱ्हाइकाचा किंवा मुख्य ठेकेदाराचा. मालात अडकणारे ६ महिने गळतात, गरज १० वर येते आणि दोन हातात राहतात. नफ्याची रक्कम लहान होते, हे खरं. मात्र पहिल्या दोन वर्षांत तुमची टीम टिकणं हाच मोठा नफा आहे.

आता मजुरीबद्दल, कारण पत्रातल्या या एका ओळीने मी खरोखर अस्वस्थ झालो. त्या तिघी कमी मजुरीवर यायला तयार आहेत, म्हणून तुम्ही तुमचा दर त्या मजुरीवर बांधायच्या विचारात आहात. तसं करू नका. समान मोलाच्या कामाला समान मोबदला हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ च्या करारात मांडलं आहे, आणि ते न्याय्य आहे एवढंच कारण मला पुरेसं होतं. पण धंद्याचा हिशोबही तेच सांगतो. कमी मजुरीवर दर भरलात की बाजारात 'ती स्वस्तातली टीम' अशी ओळख पडते आणि पुढच्या कामाला तो दर कोणी वाढवू देत नाही. सहा महिन्यांत हात बसला की त्या तिघींना दुसरीकडे पूर्ण मजुरी मिळेल आणि त्या जातील. गेल्या नाहीत तर मनातून खट्टू होऊन राहतील. नव्या माणसाला शिकवण्यात तुमचे जे दिवस जातील, त्यांची किंमत वाचलेल्या मजुरीपेक्षा जास्त असेल. पहिल्या दिवसापासून मिस्त्र्याच्या कामाला मिस्त्र्याची मजुरी धरूनच दर काढा. तो दर गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर ते काम सोडा.

हत्यारांच्या ३ महिन्यांत काटकसर करायची असेल तर ड्रिलमध्ये करा, हार्नेसमध्ये नाही. साइटवर पडलेले हार्नेस बहुतेक एकाच मोठ्या मापाचे असतात. लहान चणीच्या बाईने तो पट्टे आवळून घातला, तरी पडताना पाठीवरची कडी जागा सोडून सरकते आणि पट्टा मानेपाशी येऊ शकतो. प्रत्येकीच्या मापाचा वेगळा घ्या. वजनाची खालची मर्यादाही तपासा: झटका शोषणाऱ्या दोरीची चाचणी युरोपीय मानकात १०० किलो वजनावर होते, आणि रोखणारा जोर तितकाच राहिला तर हलक्या शरीराला हिसका जास्त बसतो. दोन मीटरची अशी दोरी उलगडताना आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकते. त्यात माणसाची उंची आणि थोडं अंतर मिळवलं की खाली सहा मीटरहून जास्त मोकळी जागा लागते. चार मीटरच्या शेडवर ती दोरी कामाची नाही. तिथे कडेपर्यंत पोचूच न देणारी आखूड दोरी हवी. हे तुम्हाला माहीत असेलच. मी लिहितो ते यासाठी, की खरेदीच्या यादीत या दोन वेगळ्या ओळी आहेत आणि दोन्हींचे पैसे धरावे लागतील.

होइस्टवरून वाद होईल. 'बायकांसाठी जास्तीचा खर्च' असं कोणी म्हटलं तर त्यांना वजन सांगा. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला साधारण ४ किलो भरतो. सहा मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा २४ किलो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात उचलण्याची मर्यादा अगदी आदर्श परिस्थितीतही २३ किलो धरली आहे, आणि शिडीवर, वाऱ्यात, आदर्श काही नसतं. ज्या पुरुष मिस्त्र्यांची कंबर चाळिशीत गेली, त्यांनाही होइस्ट हवाच होता.

सुरुवातीला तुम्हाला दुरुस्तीची छोटी कामं देऊ करतील. ती स्वस्तात घेऊ नका. जुने सिमेंटचे पत्रे आणि छपरातले प्रकाशासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे माणसाचं वजन पेलत नाहीत. त्यावर चालायला फळ्या टाकाव्या लागतात, आणि त्या टाकायचा वेळ दरात धरावा लागतो.

विमा तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. मुदतीचा जीवनविमा आणि अपघात विमा या दोन वेगळ्या गरजा आहेत. छपराच्या कामात हातपाय जायबंदी होऊन कमाई थांबण्याची भीती मोठी, म्हणून कायमच्या आणि तात्पुरत्या अपंगत्वाला भरपाई देणारा अपघात विमा चौघींचाही हवा. अर्जात 'उंचीवरचं काम' स्पष्ट लिहा, हप्ता वाढला तरी. 'ऑफिस काम' लिहून वाचवलेला हप्ता दावा नाकारला गेला की फार महागात पडतो.

तिघींपैकी कुणाला दिवस गेले तर? हा प्रश्न लोक तुम्हाला टोमणा म्हणून विचारतील. तुम्ही तो अंदाजपत्रकातली एक ओळ म्हणून घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्याच २००० च्या करारात बाळंतपणासाठी किमान १४ आठवड्यांची रजा आणि आधीच्या कमाईच्या किमान दोन तृतीयांश रोख लाभ हे प्रमाण आहे. तुमच्याकडचा कायदा आणि सरकारी योजना काय देतात ते बघा, आणि उरलेल्या फरकासाठी प्रत्येक बिलातून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. रजेआधी छपरावर चढता येणार नाही तेव्हा मोजमापं, कटिंगची यादी, अंदाजपत्रक हे काम आहेच. तुम्ही स्वतः तिथूनच आलात. ते शिकलेली बाई परत येते तेव्हा साइट सांभाळायच्या वाटेवर असते.

तर माझा सल्ला असा. भागी आत्ता घेऊ नका. मालकांना वेगळा प्रस्ताव द्या: तुमची टीम त्यांच्याच कामांवर लेबर रेटने काम करेल, माल त्यांचा, बिल पंधरा दिवसांनी, आणि लेबरच्या बिलातून रिटेन्शन कापायचं नाही. त्यांना अनुभवी हात मिळतात, तुम्हाला पहिलं गिऱ्हाईक. दुसऱ्या वर्षापासून त्यांचं काम तुमच्या एकूण कामाच्या निम्म्यापेक्षा जास्त राहू देऊ नका. दोन वर्षांनी, तीन ताळेबंद बघून, सहीच्या अधिकारासह भागीचा विषय पुन्हा काढायचा हक्क त्याच कागदात लिहून घ्या. तेव्हा तुमच्याकडे पैसे असतील आणि स्वतःची टीमही, त्यामुळे बोलणी वेगळी होतील.

धंद्याचं चालू खाते एकट्या तुमच्या नावावर उघडा आणि पुढे होइस्टसाठी लहान कर्ज लागलं तर तेही तुमच्याच नावावर घ्या, म्हणजे पत तुमची तयार होईल.

मालक दोन्हीला नाही म्हणाले तर चिडून राजीनामा देऊ नका. नोकरीत राहूनच आणखी दोन ठेकेदारांशी बोला. चौघींना किमान तीन महिने पुरेल एवढं काम लेखी हातात आलं, की मग नोटीस द्या.