ॲसिडिटीची औषधे आणि उजेड : वाचकांचे प्रश्न

ॲसिडिटीच्या औषधांच्या वेष्टनावर ‘प्रकाश व ओलाव्यापासून सुरक्षित ठेवा’ अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. त्या ओळीसंबंधी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : सासऱ्यांना रोज पँटोप्राझोल घ्यावे लागते. त्यांच्या लक्षात राहावे म्हणून आठवड्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून सात कप्प्यांच्या पारदर्शक डबीत भरते आणि डबी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते. चालेल का? (पनवेल)

उत्तर : चालणार नाही, खिडकीही चुकीची आहे आणि डबीही. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही एकाच कुळातली औषधे आहेत. त्यांच्या रेणूत दोन भाग गंधकाच्या दुव्याने जोडलेले असतात. जठरातील आम्ल तयार करणाऱ्या पेशींत पोहोचल्यावर हा रेणू आम्लाच्या सान्निध्यात रूप पालटतो आणि म्हणूनच तो आम्लाचा पंप, म्हणजे त्या पेशींतून जठरात आम्ल सोडणारी यंत्रणा, बंद पाडू शकतो. मात्र जो रेणू तेथे इतक्या सहज बदलतो, तो बाहेरही तितकाच नाजूक असतो. अतिनील किरणांची ऊर्जा मिळाली की गंधकाजवळचा बंध तुटू शकतो, आणि सुट्या झालेल्या तुकड्यांकडून पंप बंद होत नाही.

खिडकीची काच ऊन अडवते हा समज अर्धाच खरा आहे, कारण साधी काच आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण रोखत असली तरी यूव्ही-ए, म्हणजे लांब तरंगलांबीचे अतिनील किरण, बऱ्याच प्रमाणात आत सोडते. औषधांच्या प्रकाशचाचणीच्या १९९६ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नमुन्याला किमान १२ लाख लक्स-तास (लक्स हे उजेडाचे माप, त्याला तासांनी गुणायचे) दृश्य प्रकाश आणि दर चौरस मीटरला २०० वॅट-तास अतिनील प्रकाश द्यावा लागतो. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण ३०० लक्स उजेड धरला, तर दृश्य प्रकाशाचा हा हिशेब पुरा व्हायला दिवा अखंड चालू ठेवून साडेपाच महिने लागतील. भर दुपारच्या थेट उन्हात, म्हणजे सुमारे एक लाख लक्समध्ये, तो बारा तासांत पुरा होतो आणि अतिनील किरणांचा त्याहूनही लवकर. ही औषध टिकण्याची मर्यादा नव्हे, केवळ चाचणीचे माप आहे. पण कपाट आणि खिडकी यांतले अंतर त्यावरून कळते.

पँटोप्राझोलच्या गोळीचा पिवळा रंग निव्वळ शोभेचा नसतो. आवरणातले टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड गोळीवर छत्रीसारखे काम करतात, त्यामुळे एखादा दिवस डबी उन्हात राहिली म्हणून गोळी वाया गेली असे समजू नये. मला खिडकीपेक्षा शेगडीवरची वाफ अधिक सलते. गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या आणि स्ट्रिपवर पेनाने वार लिहून ती शयनगृहातल्या बंद कपाटात ठेवा. पुष्कळजण स्ट्रिपचे एकेका गोळीचे तुकडे कापून डबीत टाकतात. सासऱ्यांना नीट दिसत नसेल तर तसे मुळीच करू नका; वेष्टनासकट गोळी गिळल्याने अन्ननलिकेला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

प्रश्न : ओमेप्राझोलची कॅप्सूल फुटली, तेव्हा आतले दाणे पांढरे नसून तपकिरी-जांभळट दिसले. मुदत संपायला आठ महिने आहेत. घ्यावी का? (रत्नागिरी)

उत्तर : घेऊ नका. स्ट्रिप औषधाच्या दुकानात परत न्या आणि बॅच क्रमांक दाखवा. वेष्टनावरची मुदत ही सांगितल्याप्रमाणे साठवलेल्या, न उघडलेल्या औषधाची असते.

यात उजेडाचा हात असू शकतो, परंतु रत्नागिरीच्या हवेत माझा पहिला संशय ओलाव्यावर जाईल. ओमेप्राझोल आम्लात झटपट नष्ट होते. पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) चारच्या खाली गेला की दहा मिनिटांच्या आत निम्मे औषध संपते. म्हणून प्रत्येक दाण्यावर जठरात न विरघळता आतड्यात विरघळणारे आवरण चढवतात. गंमत अशी की हे आवरण ज्या पदार्थाचे करतात तो स्वतःच आम्लधर्मी असतो, त्यामुळे औषध आणि आवरण एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये आणखी एक पातळ थर द्यावा लागतो. दमट हवा आत शिरली की तो थर हतबल होतो आणि दाणे काळवंडू लागतात. कॅप्सूल पांढऱ्या कागदावर उघडून पाहिली तर चांगले दाणे मोहरीहून लहान, सुटे आणि एकसारख्या रंगाचे दिसतात. बिघडलेले डागाळतात, कधी एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात कोकणातल्या वाचकांनी दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली स्ट्रिप मागून घ्यावी. पारदर्शक प्लास्टिकच्या फुगवट्यांतून उजेड तर जातोच, हळूहळू बाष्पही जाते.

प्रश्न : वडिलांना रुग्णालयात पँटोप्राझोल सलाइनमधून दिले. शेजारच्या रुग्णाची बाटली चंदेरी कागदाने झाकली होती, वडिलांची उघडी होती. निष्काळजीपणा झाला का? (नाशिक)

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. रक्तदाब झटपट उतरवणाऱ्या सोडियम नायट्रोप्रुसाइडसारखी काही औषधे शिरेतून देत असतानाही झाकावी लागतात. शेजारी काय चालले होते हे मला ठाऊक नाही. पँटोप्राझोलच्या इंजेक्शनची कोरडी पूड मात्र वापरेपर्यंत उजेडापासून जपायची असते, आणि अमेरिकेतल्या मूळ इंजेक्शनच्या माहितीपत्रकात पुढे स्पष्ट म्हटले आहे की तयार द्रावण झाकण्याची आवश्यकता नाही. द्रावण थोड्या तासांतच वापरून संपवायचे असल्याने उजेडाला तेवढी सवड मिळत नाही. विचारायचेच असेल तर इंजेक्शन केव्हा मिसळले, हे विचारा.

प्रश्न : घरात रॅनिटिडिनच्या जुन्या गोळ्या आहेत, पिवळसर पडल्या आहेत. उजेडामुळेच त्यात कर्करोगकारक द्रव्य तयार होते का? (सोलापूर)

उत्तर : येथे दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. रॅनिटिडिन उजेड आणि ओलावा दोन्हींना हळवे आहे आणि त्याने पिवळे पडते, हे खरे. आपण म्हणता ते द्रव्य म्हणजे एनडीएमए. त्याची चर्चा सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, आणि साठवणुकीचा काळ व तापमान वाढेल तसे ते वाढते असे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये रॅनिटिडिन बाजारातून काढून घ्यायला सांगितले. म्हणजे त्या निर्णयामागे काळ आणि उष्णता होती. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले. सोलापूरच्या उन्हाळ्यात पडून राहिलेल्या, रंग बदललेल्या गोळ्या ठेवून घेण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. डॉक्टरांनी त्याऐवजी फॅमोटिडिन लिहून दिले, तर तेही उजेडापासून जपायचे औषध आहे हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : गुलाबी पातळ औषध आणि पाण्यात फसफसणारी पूड यांनाही हेच नियम का? (बेळगाव)

उत्तर : पातळ औषधातले ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड ही खनिजे आहेत, उजेडाने ती मोडत नाहीत. त्या बाटलीला धोका आहे तो तोंड लावून पिण्याचा, कारण त्याने जंतू आत जातात आणि ते वाढू लागतात. पुडीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल शेजारी शेजारी बसलेले असतात व पाण्याची वाट पाहत असतात. बरणीचे झाकण सैल राहिले की ती दोघे हवेतल्या दमटपणावरच आपले काम उरकून घेतात, आणि मग पेल्यात टाकलेली पूड नुसती तळाशी बसते. तशी पूड फेकून द्यावी.