ऑनलाइन लिलावात जुन्या वस्तू विकताना टायटलमध्ये कोणते शब्द टाकावेत?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा पितळी अडकित्ता आणि देवादिकांची दोन जुनी चित्रं लिलावाला लावली, टायटलमध्ये सुचतील तेवढे शब्द कोंबले, तरी अडकित्त्यावर बोली नाही आणि चित्रांचं लिस्टिंग साइटनं काढून टाकलं. मी कोल्हापुरात बरीच वर्षं हाच उद्योग करतोय आणि दोन्ही चुका माझ्या करून झाल्यात.

आधी अडकित्ता. आपल्याकडं अडकित्ता म्हटलं की विषय संपला, पण लंडनमधला संग्राहक हा शब्द कशाला शोधेल? तो ‘बीटल नट कटर’ शोधतो, हिंदी मुलखातला ‘सरोता’. एकाच वस्तूची ही तीन खरी नावं आहेत, तिन्ही घाला, कुणी हरकत घेत नाही. पण त्याच ओळीत ‘मुघल’, ‘राजवाडा’, ‘चांदी’ आलं की तो कीवर्ड स्पॅम झाला, कारण हे शब्द तुमच्या वस्तूचे नाहीत. ईबेवर टायटलला मोकळ्या जागा धरून फक्त ८० अक्षरं मिळतात. त्यात ‘वॉव’ आणि ‘सुपर रेअर’ घालायचं म्हणजे भाड्याच्या गाळ्यात रिकामी खोकी रचायची. ‘वॉव’ असं शोधून कोण अडकित्ता विकत घेतो? वस्तूचं नाव, धातू, घडण (मोर, घोडा, जोडपं, जे असेल ते) आणि काळ, बास. लांबी आणि देश खालच्या आयटम स्पेसिफिक्सच्या रकान्यांत भरा. आपण ते कंटाळून रिकामे सोडतो, आणि गिऱ्हाइकानं फिल्टर लावला की आपली वस्तू यादीतून गायब.

ब्रँडचं नाव फक्त त्या कंपनीच्याच मालाला. ‘एचएमव्हीसारखा’ चालत नाही, आणि हुशारी करून ‘एचएमव्ही नव्हे’ लिहिलंत तर तेही चालत नाही, कारण शोधात नाव येतं ते येतंच. सुटा भाग असेल, म्हणजे ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (सुई बसवतात तो आवाजाचा भाग) वगैरे, तर ‘अमुक मॉडेलसाठी’ असं लिहिता येतं, पण तो तिथं खरंच बसला पाहिजे.

आता चित्रं. शिवाजी पेठेतल्या एका वाड्याचं सामान निघालं तेव्हा मला लक्ष्मीचं एक चित्र मिळालं. काच धुरकट, चौकट वाळवीनं पोखरलेली. मी बेधडक लिहिलं: ‘अँटिक राजा रविवर्मा ओलिओग्राफ’ (ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र). दोन दिवसांत लिस्टिंग गेलं. मग काच काढून खालच्या कडेवर भिंग धरलं, तर बारीक अक्षरांत शिवकाशी, तमिळनाडूतलं कॅलेंडरं छापणारं गाव! म्हणजे कॅलेंडरचं चित्र, रविवर्मांचा काही संबंध नाही. बरं, रविवर्मा प्रेस १८९४ चा, रविवर्मा गेले १९०६ मध्ये, छापखाना पुढंही चालला. त्यामुळं कडेला प्रेसचं नाव असलं तरी चित्र त्यांचंच असेल असं नाही. जे छापलंय तेच अक्षरशः लिहायचं. ‘रविवर्मा स्टाइल’ ही पळवाट तर काढूच नका, माहीतगार गिऱ्हाइक तिथंच लिस्टिंग सोडून पुढं जातं.

‘अँटिक’ हा शब्द सगळ्यात महागात पडतो. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात कलाकुसरीच्या किंवा ऐतिहासिक मोलाच्या, शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तू पुरावशेष धरल्या जातात. त्या खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि देशातही त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. साठ वर्षांच्या कॅलेंडरला शोधात वर यावं म्हणून ‘अँटिक’ लावायचं आणि पार्सल कस्टमला अडकलं की ‘नाही हो, जुनं नाही’ म्हणत बसायचं! शंभरच्या आतलं असेल तर ‘व्हिंटेज’ लिहा. एट्सी या हस्तकला आणि जुन्या वस्तूंच्या विक्री साइटवर त्यालाही किमान वीस वर्षांची अट आहे. आणि वस्तू खरंच शंभरी ओलांडलेली वाटली, तर लिलावाचं राहू द्या, आधी पुरातत्त्व खात्याकडं विचारा.

तुमच्या चित्रांची काच जपून काढा, खालच्या कडेचा फोटो जवळून घ्या आणि काय छापलंय ते इथं टाका, मग टायटल ठरवू. अडकित्ता मात्र आजच परत लावा, एक फोटो मिटलेला, एक उघडा, शेजारी पट्टी ठेवून. आणि ब्रासो लावून घासू नका, त्या काळपट रंगाचेच पैसे येतात.