कॅम्परसाठी गाडी आणि बांधणारा

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

कोकणात फिरायला कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी व्हॅन करायची, तर गाडी कोणती आणि बांधणारा कोण, हे तू विचारलंस. फोटोतलं लाकूडकाम बघून बांधणारा ठरवू नकोस. आपल्याकडे गाडीला खाते ती खारी हवा, आणि तिला वाट मिळते पत्र्याला पाडलेल्या भोकातून. म्हणून त्याच्या शेडवर जा आणि छताला पंखा बसवताना उभा राहून बघ. भोकाची कड कानसीने घासली का? उघड्या पत्र्याला प्रायमर आणि रंग लावून तो सुकू दिला का? त्यानंतरच फट बुजवायला पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन दिसलं तर तिथूनच परत फिर. त्यातून सुटणारं आम्लच पत्रा गंजवतं. उष्णता अडवायला ग्लासवूलही (काचेच्या तंतूंची लोकर) नको, पावसाळ्यात एकदा भिजलं की आतल्या आत ओलं राहतं. त्याऐवजी नायट्राइल फोम (पाणी न शोषणारा रबरी फोम) चिकटवून घे. प्लाय आयएस 710 मानकाचा (मरीन प्लाय), स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे. नेहमीच्या 304 ग्रेडला समुद्राजवळ तांबूस डाग पडतात.

गाडी जुनी घेत असशील तर आधी रबरी मॅट उचल. चाकांवरचे कोपरे, दारांचे उंबरे, छताची पन्हळ नीट तपास. चुंबकाला फडकं गुंडाळून फिरव; जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली पुट्टी आहे. टाटा विंगरमध्ये इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना. मागे पलंग, पाणी, बॅटरी असा भार टाकलास की ओल्या तांबड्या मातीच्या चढावर पुढची चाकं घसरतात. फोर्स ट्रॅव्हलरची ओढ मागे, म्हणून मी तिकडे झुकेन. पण तिचा 4020 मिमीचा लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) वाडीतल्या अरुंद वळणांना जड जातो. 3350 पुरे.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर ओहोटीला गाडी चढव, म्हणजे मागच्या चाकामागे लटकवलेली पाण्याची टाकी का नको ते कळेल: उतार तीव्र होतो आणि शेपूट घासतं. टाकी पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये असू दे. 60 लिटर म्हणजे 60 किलो, हेही धर.

वीज: 1000 वॅटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर 90 अँपिअरच्या आसपास ओढतो. वायर 35 चौरस मिमी, 125 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. लिथियम बॅटरी चालत्या इंजिनावर भरायची तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (करंटला मर्यादा घालणारा) हवाच, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावरचा वीज बनवणारा भाग, तापून जळू शकतो.

पत्र्याला ड्रिल लागण्याआधी कागद. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे आरसीतली मूळ रचना परवानगीशिवाय बदलता येत नाही. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशाच राहत्या गाडीसाठी, एआयएस-124 हे वाहन मानक आहे. त्यानुसार मंजुरी कोण आणणार, ते करारात लिहून घे. ‘आरटीओचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस. अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो तो इथेच.

शेवटचा हप्ता दोन गोष्टींनंतर दे: छतावर अर्धा तास पाइपने पाणी मारून आतली फळी कोरडी निघाल्यावर, आणि टाकी, गॅस, माणसं भरून वजनकाट्याची पावती आरसीतल्या एकूण वजनाच्या आत आल्यावर.

कळावे.