वर्ध्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी सोडणार म्हणतात. आधी काय काळजी घ्यावी?

घाबरू नका. ऑपरेशन बहुतेक वेळा 15-20 मिनिटांचंच असतं, डोळा बधिर करून होतं. पण दिवस अख्खा जातो, म्हणून सोबत एक धडधाकट माणूस हवाच. परतीला एसटीच्या गर्दीत धक्के खाण्यापेक्षा गाडी सांगून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालू गोळ्या. आम्ही माझ्या बाबांच्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट, पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतल्या होत्या. त्यात लघवीच्या त्रासाची टॅम्सुलोसिन निघाली. त्या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, म्हणून डॉक्टरांना आधी माहीत असावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका. शुगर, बीपी वाढलेलं असेल तर तारीख पुढे ढकलतात, तेव्हा आधीच तपासून घ्या. आईला शुगर असेल तर सकाळी काय खायचं, गोळी घ्यायची की नाही, हे स्पष्ट विचारा. आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ घाला, नंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं.

घरी आल्यावर चुलीचा धूर आणि वावरातली धूळ, दोन्ही बंद. कापूस वेचायला तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाठवूच नका, कितीही घाई असो. थेंब टाकण्याआधी साबणानं हात धुवा.

थोडं खुपणं चालतं. पण दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, ते निघतानाच लिहून घ्या.