दवाखाना सरकारचा, की फक्त बिल सरकारचं?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

प्रश्न : श्रीलंकेत म्हणे सरकारी दवाखान्यात एक पैसा लागत नाही. आपल्याकडे पाच लाखांचं कार्ड आहे, तरी माणूस कर्जात जातो. मग शेजाऱ्यांची पद्धत बरी म्हणायची का? (वाचक, निपाणी)

दोन्हीकडे ‘मोफत’ हाच शब्द असला तरी त्यामागची व्यवस्था वेगळी आहे. श्रीलंकेत सरकार स्वतः दवाखाना चालवतं. इमारत, डॉक्टर, नर्स, औषध सगळं सरकारचं, आणि तिथली फी १९५१ मध्येच रद्द झाली. आपल्या आयुष्मान योजनेत सरकार बिल भरतं. दवाखाना सरकारी असेल किंवा यादीतला खासगी, त्या उपचाराच्या ठरलेल्या दराचे, म्हणजे पॅकेजचे, पैसे त्याला मिळतात.

म्हणून फरक पडतो तो अ‍ॅडमिट होण्याआधी. आपलं कार्ड कॉटवर पडल्यावर चालू होतं. बीपीची गोळी, साखरेची तपासणी, खासगी ओपीडीची फी त्यात बसत नाही, आणि घराला गळती लागते ती नेमकी तिथून. महिन्याला दीड हजाराची औषधं दहा वर्षं घेतली तर एक लाख ऐंशी हजार होतात आणि त्यातला रुपयाही कार्डातून येत नाही. भारतातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण ओझं अजून हलकं म्हणता येणार नाही.

श्रीलंकेलाही डोक्यावर घेऊ नका. तिथे अ‍ॅडमिट होणारे बहुतेक रुग्ण सरकारी दवाखान्यात जातात हे खरं. पण ओपीडीची रांग टाळायला लोक संध्याकाळी खासगीत पैसे मोजतात, आणि तिथे बसलेला डॉक्टर बरेचदा सकाळच्या सरकारी दवाखान्यातलाच असतो. ड्यूटीनंतर खासगी प्रॅक्टिसची त्यांना मुभा आहे. २०२२ च्या आर्थिक संकटात सरकारी दवाखान्यांतच औषधं संपली, तेव्हा फी नसून उपयोग काय, हेही तिथल्या लोकांनी पाहिलं. शिवाय तो देश सव्वादोन कोटींच्या आसपास वस्तीचा; एकट्या कर्नाटकाची लोकसंख्या २०११ लाच सहा कोटींवर होती.

नेपाळचा विमा आपल्याला जास्त शिकवणारा आहे. पाच जणांच्या कुटुंबाने वर्षाला ३,५०० नेपाळी रुपये भरायचे आणि एक लाखापर्यंत उपचार घ्यायचे. रक्कम आपल्यापेक्षा कितीतरी लहान, पण त्यात ओपीडी आणि औषधंही येतात. आधी नेमून दिलेल्या जवळच्या दवाखान्यात जावं लागतं आणि पुढे तिथल्या चिठ्ठीवरच. भूतानमध्ये तर मूलभूत सेवा मोफत देणं राज्यघटनेतच लिहिलं आहे, आणि तिथे न होणाऱ्या उपचारांसाठी सरकार आपल्या खर्चाने रुग्णाला भारतात पाठवतं. बांगलादेशात मात्र उलट चित्र : खर्चाचा बहुतांश भार रुग्णाच्याच खिशावर.

प्रश्न : वडिलांना बायपास सांगितली आहे. बीपीएल रेशन कार्ड आहे. बेळगावच्या खासगी हॉस्पिटलात थेट गेलो, तर ‘आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आणा’ म्हणाले. ही टाळाटाळ आहे का? (वाचक, खानापूर)

नाही, हा नियमच आहे. आणि याच पायरीवर सर्वात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत उपचारांचे गट पाडले आहेत. साधे उपचार सरकारी दवाखान्यातच करायचे. त्यापुढचे गुंतागुंतीचे आणि मोठे उपचार सरकारी दवाखान्यात होत नसतील तरच तिथून रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, मिळतं, मग यादीतल्या खासगी हॉस्पिटलात जाता येतं. ठरवून करायची बायपास या गटात येते. अपघात, हार्ट अटॅक अशा तातडीच्या ठरावीक उपचारांना मात्र रेफरल लागत नाही. तेव्हा थेट यादीतलं हॉस्पिटल गाठा आणि दारातच ‘आयुष्मानमध्ये घ्या’ असं सांगा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी तालुका दवाखान्यात किंवा बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन जा. रेशन कार्ड आणि आधारची मूळ प्रत सोबत हवी. छापील आयुष्मान कार्ड नसेल तरी या दोन कागदांवर काम होतं. रेफरल हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा : रुग्णाचं नाव, आजार, सुचवलेला उपचार. उपचाराच्या जागी नुसतं ‘हृदयविकार’ लिहिलं असेल तर पुढे मंजुरी अडते.

आपल्या सीमाभागातली खास भानगड नावाची. रेशन कार्डावर नाव कन्नडात चढवलेलं असतं, आधारवर मराठी वळणाचं इंग्रजी. कुठे वडिलांचं नाव आधी, कुठे आडनाव आधी. ‘पाटील’चं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा दोन कागदांवर दोन तऱ्हेचं निघतं. संगणकाला ही दोन माणसं वाटतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री हे निस्तरत नाही. घरात कोणी आजारी नसताना सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करून घ्या, आणि नवी सून किंवा बाळ रेशन कार्डावर चढलंय का तेही पाहा.

खासगी हॉस्पिटलात गेल्यावर आधी आरोग्य मित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या मदतनिसाच्या, टेबलावर जायचं, बिलिंगच्या खिडकीवर नाही. आधी कॅशमध्ये अ‍ॅडमिट करून ‘कार्डाचं मागून बघू’ म्हटलं की बहुतेक वेळा ते मागेच राहतं, कारण मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. पॅकेजमध्ये जनरल वॉर्डची कॉट, डॉक्टर, तपासण्या, औषधं, जेवण, आणि घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधं धरलेली असतात. वेगळी रूम मागितली की हिशेब बिघडला. यातल्या एखाद्या गोष्टीचे वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि आयुष्मानच्या १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पावती द्यायला नकार आला, तर तेही तक्रारीत सांगा.

प्रश्न : आम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. कर्नाटकचं कार्ड तिकडे चालेल का? आणि महाराष्ट्राने ८६५ गावांना दिलेली योजना? (वाचक, निपाणी तालुका)

तुमचं कुटुंब केंद्राच्या आयुष्मान यादीत असेल, तर महाराष्ट्रातल्या यादीतल्या हॉस्पिटलात कार्ड चालतं. फक्त राज्य सरकारच्या खर्चाने लाभ मिळणाऱ्या कुटुंबाला सीमा ओलांडली की ते मिळत नाही. कार्ड दिसायला सारखंच, म्हणून निघण्याआधी १४५५५ वर कुटुंबाची पात्रता विचारून घ्या.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये बेळगाव, कारवार, कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांतल्या १२ तालुक्यांच्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्याला कर्नाटकाने आक्षेप घेतला. राजकारण बाजूला ठेवा. तुमच्या कामाचं एवढंच, की कागद महाराष्ट्राच्या योजनेच्या नियमाने तपासले जातात. तुमच्या गावाचं नाव यादीत आहे का आणि कुठला रहिवासी पुरावा लागेल, हे त्या योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर किंवा त्या हॉस्पिटलातल्या आरोग्य मित्राला विचारूनच रुग्णाला गाडीत बसवा.

खानापूरकडचे बरेच जण गोव्याला, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात धावतात. तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे, हे धरून चाला.

प्रश्न : आमचं एपीएल कार्ड आहे. काहीच मिळत नाही का? (वाचक, बेळगाव शहर)

मिळतं. याच आरोग्य कर्नाटक योजनेत पॅकेजच्या ३० टक्के रक्कम सरकार देतं, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. पण ते ३० टक्के सरकारी पॅकेजच्या दरावर असतात, हॉस्पिटलच्या बिलावर नाही. समजा पॅकेज एक लाखाचं, तर सरकारकडून तीस हजार. तुमचा उरलेला भाग कुठल्या दराने लावणार, ते अ‍ॅडमिट होण्याआधी लेखी घ्या. सहकारी सोसायटीचे किंवा दूध संघाचे सभासद असाल तर यशस्विनी योजनाही पाहा : ग्रामीण भागात चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये, शहरात १,०००. नोंदणी ठरावीक मुदतीतच होते, त्यामुळे सोसायटीच्या सचिवाकडे आताच तारीख विचारून ठेवा.